तीन बाजारांचा गट आणि एक बोट

डाव्या हाताचं पहिलं बोट वर केल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही. कुणावर रोखायची नाही हो, नुसतं दाखवायची. आधी बोट, मग "हे बोट माझं हाय," आणि मग जे काय सुनवायचं असेल ते. रेशनच्या दुकानात तेच, एसटीच्या दारात तेच, नवऱ्यासमोरही तेच. मी त्या शाळेवर रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं, बाईच्या बोटाला काहीतरी झालंय. विचारलं, "मावशी, लागलंय का बोटाला?"

"लागलंय," ती म्हणाली. "पर औषध न्हाई त्येला."

तुमच्याही गावात अशी एखादी असेल, जरा आठवून बघा. आपण तिला भांडखोर म्हणून मोकळे होतो. ती कशासाठी भांडते हे विचारायला मात्र कुणाला सवड नसते.

वडवणीहून तेलगावकडे जाताना डांबरी रस्ता सोडून आत वळलं की ती वस्ती लागते. घरं सगळी बौद्धांची. शेजारून ओढा वाहतो आणि ओढ्यापलीकडे मोठं गाव. त्या गावाचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर उद्या चार जण माझ्या दारात उभे राहतील, आणि नाही घेतलं तरी ज्याला कळायचं त्याला कळेलच. वस्तीवर दोन खोल्यांची शाळा. मी तिथं शिक्षिका आणि ती पोरांची खिचडी शिजवणारी. वस्तीच्या मतदार यादीचं कामही सरकारनं माझ्याच गळ्यात मारलेलं. नवी नावं घाला, मेलेल्यांची काढा, चिठ्ठ्या वाटा. दुनियेतलं कुठलंही काम निघालं की शिक्षक आहेच रिकामा.

तिची खिचडी खारट असायची. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. मी म्हणायची, "मावशी, मीठ जास्त झालंय." ती झाकण उचलून आत बघायची आणि म्हणायची, "मीठ बराबर हाय. पाणी कमी पडलं." एकदा मी हट्टानं म्हटलं की नाही, मीठच जास्त आहे, तर बाईनं माझ्याशी बोलणं सोडलं. पोरांकरवी निरोप पाठवायची. "बाईला म्हणावं, ताट वाढलंय." मी समोर बसलेली असायची. मग एका सकाळी माझ्या टेबलावर ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठेवून गेली, आणि आमचं भांडण मिटलं असं मी समजले.

त्या बोटाची गोष्ट तिनं मला तांदूळ निवडता निवडता सांगितली. पूर्वी वस्तीचं मतदान ओढ्यापलीकडं मोठ्या गावात असायचं. मोठ्या गावात आबा. सरपंच कुणीही होवो, गाव ऐकायचं ते आबांचं. मतदानाच्या दिवशी आबांचा ट्रॅक्टर वस्तीवर माणसं न्यायला यायचा, पण दुपारी. सकाळी गावानं मत टाकायचं, गावाचं उरकलं की वस्तीनं. हा नेम कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता, पण वस्तीतलं शेंबडं पोरही तो सांगू शकलं असतं. कुणी सकाळी गेलंच तर दारातून सांगायचे, "तुमचं दुपारून."

तिचं लग्न नुकतं झालेलं. पहिलंच मतदान. पांढरं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून ती ट्रॅक्टरमधून गेली. आत गेल्यावर टेबलावरचा माणूस म्हणाला, "पोरी, तुझं पडलंय की."

"आसं कसं पडलं? माझं बोट तर कोरं हाय." तिनं डावं बोट वर करून दाखवलं.

सगळे हसले. आबा तिथंच खुर्चीत बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "लाव रे तिच्या बोटाला शाई. पोरीची हौस भागू दे."

आणि लावली हो. खरोखर लावली. मत कुणी दुसऱ्यानंच टाकलेलं आणि शाई हिच्या बोटाला.

"लई दिस जाईना ती शाई," ती म्हणाली. "भाकरी थापताना दिसायची. लेकराला न्हाऊ घालताना दिसायची. घासून घासून कातडं निघालं, पर शाई हाय तितंच." पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्यानंतर ती ट्रॅक्टरमध्ये बसली नाही.

मला हे ऐकून जो संताप आला तो आजही उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. चोर चोरी करून निदान पळून तरी जातो. हे चोरी करून तिथंच चहा पीत बसले होते, आणि वर जिचं नेलं तिचीच थट्टा.

आणि मग आला आमचा गट.

जिल्हा परिषदेवर माणूस निवडून द्यायचा तर आसपासची गावं एकत्र बांधून एक गट करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. एका फेररचनेत कुणाच्या डोक्यातून काय निघालं देव जाणे, पण तीन बाजारांची गावं एकाच गटात बांधली गेली. एकाचा बाजार रविवारी, दुसऱ्याचा मंगळवारी, तिसऱ्याचा गुरुवारी. या तिघांचं कधी एकमेकांशी पटलेलं नाही. रविवारवाले म्हणायचे मंगळवारच्या बाजारात शिळी भाजी मिळते, मंगळवारवाले म्हणायचे रविवारच्या बाजारातली तागडी खोटी, आणि गुरुवारवाले दोघांनाही शिव्या द्यायचे. नकाशावर हा गट वाळत घातलेल्या धोतरासारखा लांबच लांब दिसायचा. त्याला सरकारी नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक म्हणायचे, तीन बाजारांचा गट.

बड्या पुढाऱ्यांनी नाकं मुरडली. कारण त्यात कुणाचं स्वतःचं हक्काचं गाव नव्हतं. आबांचं मोठं गावसुद्धा शेजारच्या गटात गेलं. दोन गटांची हद्द ओढ्यावरून काढलेली. ओढ्याअलीकडची वस्ती आमच्या गटात, पलीकडचं गाव त्या गटात. मग वस्तीचं मतदान त्या गावात घेणार कसं? मतदान केंद्र वस्तीवरच द्यावं लागलं, आमच्या शाळेत. वस्तीची कुणाला दया आली म्हणून नाही. रेघ तशी पडली म्हणून.

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती पातेल्यात पळी फिरवत होती.

"म्हंजी ओढा वलांडायचा न्हाई?"

"नाही."

"ट्रॅक्टर न्हाई?"

"नाही."

"आन् आबा?"

"आबांचं मतच नाही या गटात."

तिनं पळी खाली ठेवली आणि तशीच बसून राहिली. त्या दिवशीची खिचडी करपली. पोरांनी कुरकुर केली, मी मात्र मुकाट्यानं खाल्ली.

मतदानाच्या आदल्या दिवशी तिनं शाळा अशी धुतली की माझ्याच वर्गात मला चप्पल घालून जायला लाज वाटली. संध्याकाळी मतदानाची माणसं यंत्रं घेऊन उतरली. सकाळी त्यांना चहा द्यायचा म्हणून तिनं सगळ्या वस्तीतून कपबश्या गोळा केल्या. पाहुण्याला पेल्यात चहा देणं तिला कमीपणाचं वाटायचं. ताटात कपबश्या मांडून ती दारात आली आणि केंद्राचे मुख्य साहेब खुर्चीतून ताडकन उठले.

"अहो बाई, हे काय करताय? मागं न्या, मागं न्या ते."

उभ्या असलेल्या एका अपक्षाचं चिन्ह होतं कपबशी. मतदान केंद्रात चिन्ह दिसलं तर साहेबांची नोकरी जायची. तिला मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि बोट वर केलं. "मंग साहेब, दुसऱ्याचं चिन्ह पंखा हाय. वर बगा की."

साहेबांनी वर बघितलं. वर्गाच्या छताला पंखा. बिचारे घाबरलेच. त्यांनी शिपायाला बाकावर चढवून पंख्याला पोतं बांधायला लावलं, आणि चहा सगळ्यांनी पोरांच्या खिचडीच्या ताटल्यांतून प्यायला. दिवसभर माणसं मत टाकायला आत यायची आणि पोत्यात गुंडाळलेल्या पंख्याकडे बघत बाहेर जायची. ती पायरीवर बसून खुदुखुदू हसायची.

पहिलं मत तिचंच. कुणाची हिंमत होती तिच्यापुढं उभं राहायची? तेच पांढरं लुगडं नेसून, दार उघडायच्या आधीपासून उभी. आत गेली आणि बाहेर आली तेव्हा बोट वर होतं आणि त्यावर ओली शाई. मी विचारलं, "झालं का मावशी?"

"झालं," ती म्हणाली. "मनात आलं तितं दाबलं. कुणी बगत नव्हतं, बाई." आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले, त्यात लपवायचं काय.

तिच्या मागोमाग तिचा नवरा. हा माणूस मूळचा पालीचा, धरणाच्या कडेला वाढलेला, लग्नानंतर सासुरवाडीलाच राहिला. अगदी गरीब गाय. कुणाशी वाकडं बोलणं नाही, कुणाला नाही म्हणणं नाही. बाहेर आल्यावर त्यानं बायकोला हळूच विचारलं, "कुणाला टाकलंस ग?"

"तुमाला कावून सांगू?"

"नवरा हाय मी तुझा."

"नवरा घरात. त्या पुठ्ठ्याच्या आत नवरा नसतोय."

त्यावर तो बापडा हसला. पण पुढं प्रत्येक मतदानानंतर त्यानं तिला हा प्रश्न विचारला आणि प्रत्येक वेळी तिनं हेच उत्तर दिलं. गटाच्या त्या काळात लोकसभा, विधानसभा, सगळ्यांचं मतदान शाळेतच झालं. तो कधी कधी मला म्हणायचा, "बाई, तुमाला तरी सांगितलं असंल तिनं." मलाही नाही सांगितलं. कुणालाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा केंद्रानं वस्तीला काय मिळालं? सांगते. तीन बाजारांची तीन तोंडं तीन दिशांना. कुणालाच आपल्या गावाच्या मतांवर निवडून येता येईना. मग या लोकांना वस्ती आठवली. जे कधी ओढ्याअलीकडे पाय ठेवत नव्हते ते तिच्या ओट्यावर बसून तिच्या हातचा चहा पिऊन गेले. निवडून आला तो गुरुवारवाला. तो काही संत नव्हता, पण पुढच्या वेळेला मत लागणार हे त्याला कळत होतं. शाळा बघायला आला तेव्हा हिनं त्याला खिचडी वाढली आणि त्यानं पहिला घास घेतल्याबरोबर हिनं बोट वर केलं. "हे बोट माझं हाय. रस्ता कवा?"

"करू की मावशी, खिचडी झकास झालीय," तो म्हणाला. तोंडावरून कळत होतं की मीठ भलतंच पडलंय.

रस्ता झाला. बोअर झाला. खांबावर दिवा आला. वस्तीनं हे कुणाच्या पाया पडून मिळवलेलं नव्हतं, आणि तेच लोकांच्या डोळ्यात खुपलं.

एक मुदत. फक्त एक मुदत जगला तो गट. पुढची फेररचना आली आणि सकाळच्या पेपरात मला कळलं की आमचा गट मोडला. रविवार एका गटात, मंगळवार दुसऱ्यात, गुरुवारचं गाव फोडून इकडं तिकडं. आणि वस्ती? वस्ती पुन्हा ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावाबरोबर. हद्दच राहिली नाही म्हटल्यावर वेगळं केंद्र कशाला? मतदार कमी म्हणून ते मोठ्या गावच्या केंद्रात घालून टाकलं. कागदावर रेघ ओढणाऱ्यानं वस्तीकडे बघितलंही नसेल. पहिल्यांदा रेघ ओढली तेव्हाही बघितलं नव्हतं आणि पुसली तेव्हाही नाही.

हरकत घ्यायला आम्ही दोघी एसटीनं बीडला गेलो. सुनावणी एका मोठ्या हॉलमध्ये. बड्या लोकांच्या हरकती आधी झाल्या, त्यांना चहाही आला. आमचा नंबर दुपारनंतर लागला. तिनं माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "बगा, हितंबी आपलं दुपारूनच."

साहेब तरुण होते, बोलायला गोड. "मावशी, अंतर काही फार नाही. ओढा ओलांडला की केंद्र. शिवाय तुमच्याकडचे निम्मे मतदार मोसमात ऊस तोडायला जातात. तेवढ्यासाठी वेगळं केंद्र परवडत नाही."

तिनं बोट वर केलं. "उसाला जात्यात म्हून का ती माणसं न्हाईत? खोली हाय, दार हाय, आमी हाव. तुमी निस्ती ती पेटी आणून ठिवा." आणि मग तिनं सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, दुपारून, पडलेलं मत, हौसेची शाई.

साहेब हसून म्हणाले, "असं आता कुठं राहिलंय, मावशी?"

हे वाक्य तुम्ही कुठं ऐकलंय का हो? मी जन्मभर ऐकत आले. ज्याच्या वाट्याला असलं कधी काही आलेलं नसतं तोच हे म्हणतो. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही एकदा सकाळी येऊन तिथं रांगेत उभे राहा, मग सांगा कुठं राहिलंय ते." साहेबांनी शांतपणे आमच्या भावना नोंदवून घेतल्या. भावना नोंदवून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

परत येताना स्टँडवर तिनं मला वडापाव खाऊ घातला. मी पैसे काढले तर हात धरला. म्हणाली, "बाई, तुमी लई चिडता. चिडलं की खिचडी करपती, मला म्हाईत हाय."

त्यानंतर जिल्हा परिषदेची निवडणूकच होईना. मुदत संपली, प्रशासक बसले, आज होईल, उद्या होईल, वर्षं गेली. मधल्या मोठ्या निवडणुका जुन्या यादीवर शाळेतच झाल्या, पण आता येणारी ही जिल्हा परिषदेची निवडणूक नव्या रचनेनं मोठ्या गावात होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी शाळेत आले की ती पातेलं चढवता चढवता विचारायची, "तारीख आली का?"

"नाही आली."

"येऊ दे. सकाळी पैली जाते. दुपारून म्हणलं तर दारात फतकल मारून बसते. तुमी यायचं बगा संगं."

"येईन," मी म्हटलं होतं.

मी निवृत्त झाले. तारीख आली नाही, पण तिचं दुखणं आलं. पोटाचं. बीडला नेलं, परत आणलं. दिवाळीच्या आधी मी भेटायला गेले तेव्हा ती बाजेवर पडलेली, हात काटकीएवढे झालेले. मला बघून तेच विचारलं. मी म्हटलं, "आता होणार म्हणतात."

तिनं डावा हात गोधडीतून काढला, बोट वर केलं. "बाई, मी काय आता तवर टिकत न्हाई. एक करा. माझं नाव यादीतून येळंवर काढा. मागं ठिवू नका."

"असं काय बोलता, मावशी?"

"खरं ते बोलते. मेलेल्याचं नाव मागं राह्यलं की त्येला पाय फुटत्यात."

दिवाळीला ती गेली. यादीचं काम आता माझ्याकडं नव्हतं. केंद्र मोठ्या गावात गेलं तसं कामही तिथल्याच एका माणसाकडं गेलेलं. मी त्याला फोन केला. मग मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "होऊन जाईल, मॅडम. तुम्ही कशाला त्रास घेता?" पुन्हा गेले. पुन्हा तेच, होऊन जाईल. जिवंतपणी त्या बाईचं एक काम कुणी सरळ केलं नाही, आणि मेल्यावर एक नाव काढायचं तेही यांच्या हातून होईना.

शेवटी तारीख आली. ऐन ऊसतोडीच्या मोसमात, म्हणजे वस्तीत उरलेली सगळी म्हातारीकोतारी. ती नव्हती, पण येईन म्हटलं होतं, म्हणून मी सकाळीच वस्तीवर गेले. तिचा नवरा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर वाट बघत बसलेला. दोघं चालत निघालो. ओढ्याला पाणी नव्हतं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "ती असती तर आपल्याला दिस उगवायच्या आधी पळवलं असतं."

मोठ्या गावच्या शाळेबाहेर चिठ्ठ्या वाटायचं टेबल. टेबलाशेजारी खुर्चीत आबा. म्हातारे झालेत, पण खुर्ची सुटलेली नाही. टेबलावरच्या माणसानं अगदी अदबीनं हात जोडले. "बाबा, आत्ता गर्दी हाय. जरा सावलीत बसा, दुपारून निवांत टाका."

"म्या आत्ताच टाकणार," नवरा म्हणाला. एवढं ठाम बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

"टाका की. आमचं काय." त्या माणसानं चिठ्ठी शोधली, त्याच्या हातात दिली आणि हसत हसत सांगितलं, "तुमच्या मंडळींचं झालं बरं का सकाळीच. पैलं मत त्येंचंच."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला ते. पहिलं मत. जन्मभर जिला दुपारी बोलावलं, तिला मेल्यावर यांनी पहिला नंबर दिला.

मी आबांकडं वळले. म्हटलं, "आबा, मावशी दिवाळीला वारल्या. तुमच्या सगळ्या गावाला ठाऊक आहे."

आबा शांत. "वाईट झालं. पर मॅडम, मत वाया कावून घालवायचं? तिलाबी पुण्यच लागंल की."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शब्द एकही मागं घेणार नाही. तिथून थेट आत गेले. आतले साहेब बाहेरगावचे, गोंधळलेले. म्हणाले, "मॅडम, ज्यांच्या नावावर मत पडलंय त्यांनी स्वतः येऊन तक्रार करायची असते."

"त्या मेल्या आहेत. तीच तर तक्रार आहे."

"मग लेखी द्या."

दिलं लेखी. त्यांनी घेतलं. आजवर त्यावर काही झालेलं नाही आणि होईल असं मला वाटतही नाही.

हे सगळं चाललं तेवढा वेळ तिचा नवरा रांगेत उभा होता. माझा आवाज बाहेर जात होता. मी दारात आले तेव्हा त्यानं आजूबाजूला बघत, कुणा एकाला नाही, अगदी हळू आवाजात विचारलं, "शाई कुणाच्या बोटाला लावली?"

बायकांच्या रांगेत सगळ्या खाली बघू लागल्या. सकाळीच मत देऊन दाराशी थांबलेली एक जण हात पदराखाली घेऊन झपझप निघून गेली. तिचा दोष मी काढणार नाही. तिलाही कुणीतरी सांगितलंच असेल.

तो आत गेला, मत टाकून बाहेर आला. मला वाटलं होतं तो बोट दाखवेल, तिच्यासारखं. त्यानं डाव्या हाताची मूठ घट्ट मिटून घेतली होती. आबांच्या खुर्चीसमोरून गेलो तरी मान वळवली नाही. मी रागानं धुमसत होते. कुठं कुठं जाऊन तक्रार करायची हेच माझ्या डोक्यात चाललेलं.

ओढ्यात उतरल्यावर तो एका दगडावर बसला. मूठ उघडून स्वतःच्या बोटाकडं बघत राहिला. शाई अजून ओली होती.

"बाई," तो म्हणाला, "कुणाला मत टाकलं ते तिनं मला उभ्या जल्मात सांगितलं न्हाई. म्या दर खेपेला इचारलं, तिनं न्हाईच सांगितलं." त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "आता आबाला म्हाईत हाय."